एक्केचाळीस फेऱ्या आणि बेचाळिसावी

संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटांनी मुंबईहून डेक्कन क्वीन सुटते. त्या दिवशी ती सुटायच्या आधीच माझ्या शेजारच्या दोन पोरांचं जुंपलं होतं. तिघांची रांग. खिडकीत एक, मध्ये दुसरा, कडेला मी. विषय एकच: बॉक्सिंगमधल्या उसिक आणि फ्युरी यांची तिसरी लढत व्हावी की नाही?

खिडकीतला म्हणत होता, झालीच पाहिजे. मधला म्हणत होता, कशाला? दोनदा हरलाय ना फ्युरी, मग तिसऱ्यांदा काय ओवाळायला बोलवायचं?

दोघांचंही म्हणणं मला पटत होतं, हीच पंचाईत. १८ मे २०२४. रियाध. युक्रेनचा ओलेक्झांडर उसिक आणि इंग्लंडचा टायसन फ्युरी. तीन पंचांची कार्डं: ११५-११२ उसिक, ११४-११३ फ्युरी, ११४-११३ उसिक. आता ही बेरीज करून बघा. उसिकचे ३४२, फ्युरीचे ३३९. एकूण ६८१ गुण वाटले गेले आणि फरक किती? तीन! ६८१ रुपयांच्या किराणा बिलात तीन रुपये कमी पडले तर वाणी म्हणतो, राहू द्या, पुढच्या वेळी. इथे त्या तीन गुणांवर हेवीवेट गटातले चारही पट्टे एका माणसाच्या कमरेला गेले. असं निर्विवाद विजेतेपद त्याआधी १९९९ साली लेनक्स लुईसकडे होतं. पंचवीस वर्षांचा दुष्काळ तीन गुणांनी संपला!

मग २१ डिसेंबर २०२४ ला दुसरी लढत. पुन्हा रियाध. फ्युरी ६ फूट ९ इंच, उसिक ६ फूट ३ इंच. वजनकाट्यावर फ्युरी २८१ पौंड, उसिक २२६. फरक ५५ पौंड, म्हणजे २५ किलो, म्हणजे सिमेंटचं अर्धं पोतं. एका माणसानं अर्धं पोतं जादा घेऊन रिंगणात यायचं आणि तरी हरायचं! तिन्ही पंचांनी एकच आकडा लिहिला: ११६-११२, ११६-११२, ११६-११२.

"काका, तुम्ही सांगा," मधला म्हणाला. "तिसरी हवी की नको?"

मला विचारायला नको होतं. आकडे दिसले की मी कामातून जातो. भाजीच्या पिशवीतही मला मटाराचे दाणे मोजावेसे वाटतात. मी म्हटलं, "बाळांनो, तिसरीचं बोलायचं तर उसिक-फ्युरी राहू दे बाजूला. ज्या तिसऱ्या लढतीमुळे जगाला तिसऱ्या लढतीचं वेड लागलं, तिच्याकडे चला. अली आणि फ्रेझर. तीन लढती. १५ फेऱ्या, १२ फेऱ्या आणि १४ फेऱ्या. एकूण ४१. फेरी तीन मिनिटांची. एकूण १२३ मिनिटं. मधली मिनिटामिनिटाची विश्रांती धरली तर दोन तास एक्केचाळीस मिनिटं. म्हणजे आत्ता, या मिनिटाला, गाडी सुटताना पहिल्या लढतीची घंटा वाजवली आणि तिन्ही लढती एकापाठोपाठ एक लावल्या, तर पुणं यायच्या आत सगळं संपतं. आपण त्यांच्याबरोबर प्रवास करू."

गाडी हलली. घंटा वाजली समजा.

८ मार्च १९७१. न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. महंमद अली ३१ लढती खेळलेला, एकही हरलेला नाही. जो फ्रेझर २६ खेळलेला, एकही हरलेला नाही. दोघांच्या मिळून ५७ लढती आणि हारीच्या रकान्यात दोन भोपळे. सभागृहात माणसं २०,४५५. एवढी माणसं नेमकी किती? संध्याकाळी सहाची बदलापूर डोळ्यांसमोर आणा, दाराला लोंबकळणारी, पाय ठेवायला जागा नसलेली. तशी बारा डब्यांची लोकल साडेचार हजार माणसं गिळते. अशा साडेचार लोकल एका छताखाली रिकाम्या केल्या! फ्रँक सिनात्रासारख्या गायकाला रिंगणाच्या कडेची जागा मिळाली ती छायाचित्रकार म्हणून. 'लाइफ' मासिकासाठी तो कॅमेरा घेऊन उभा होता.

पण सभागृहातली माणसं हा चिल्लर हिशोब. बाहेरून बघणारी किती? त्या काळी केलेला अंदाज आहे ३० कोटींचा. आता हे ३० कोटी कुठे ठेवायचे? १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्र होता ५ कोटींचा. म्हणजे अख्खा महाराष्ट्र, तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत, एक-दोन नाही, सहा वेळा! त्या सगळ्यांना एका ओळीत उभं करा, माणशी अर्धा मीटर. दीड लाख किलोमीटरची रांग. मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा. ती रांग तपासायला डेक्कन क्वीननं रोज एकदा जायचं नि एकदा यायचं, दिवाळी नाही, मेगाब्लॉक नाही, एकही दिवस खाडा नाही, तरी तेरा महिने लागतील. आणि गंमत सांगू? त्या रांगेत आपला खरा महाराष्ट्र जवळजवळ नव्हताच. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. लढत झाली तेव्हा महाराष्ट्रात दूरचित्रवाणीचं एकही केंद्र नव्हतं. ३० कोटी डोळे लावून बसले होते आणि आपण दुसऱ्या दिवशी पेपरची वाट बघत होतो.

"पैसे किती मिळाले?" खिडकीतल्यानं विचारलं. पोरगा मुद्द्याचा.

प्रत्येकाला २५ लाख डॉलर. हरो वा जिंको. तेव्हा डॉलर साडेसात रुपयांना. म्हणजे १ कोटी ८७ लाख ५० हजार रुपये. आज ऐकायला हे किरकोळ वाटतं, पुण्यात तीन खोल्यांचा फ्लॅट. म्हणून तो आकडा तेव्हाच्या तराजूत घाला. तेव्हा अमेरिकेचा सरकारी भाव होता औंसाला ३५ डॉलर. २५ लाख डॉलरचं सोनं किती? दोन हजार दोनशे किलोंवर. सव्वादोन टन सोनं! एका माणसाला! ४५ मिनिटांच्या झुंजीला! सेकंदाला आठशे ग्रॅम. टिक म्हटलं की ऐंशी ग्रॅम नाही, आठशे. घरातली सगळी मंगळसूत्रं, पाटल्या, गोठ, आजीची ठुशी एकत्र केली तरी बहुतेक घरांचा काटा एका 'टिक'पर्यंत पोचायचा नाही.

आणखी एका तराजूत घालू का? पुढच्याच वर्षी आपल्याकडे बहात्तरचा दुष्काळ पडला. रस्त्याकडेला खडी फोडणारी माणसं आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. रोज तीन रुपये धरा. पावणेदोन कोटींच्या वरची ही रक्कम खडी फोडून मिळवायला किती दिवस लागतील? साडेबासष्ट लाख दिवस. वर्षं करा. सतरा हजार! एकही रविवार न घेता सतरा हजार वर्षं. म्हणजे शेवटचं हिमयुग संपायच्या आधी हातोडा उचलायचा, जगातलं पहिलं गहू-ज्वारीचं शेत अजून नांगरलेलं नाही, आणि तिथून खडी फोडत फोडत १९७१ ला पोचायचं. फ्रेझरनं ते ४५ मिनिटांत फोडलं.

आणि कसं फोडलं! पंधराव्या फेरीत त्याचा डावा हूक अलीच्या जबड्यावर बसला आणि अली पाठीवर आडवा. तीन-चार सेकंदांत उठलाही, पण जबडा एका बाजूनं सुजून पपईसारखा. फ्रेझरचा डावा हात लहानपणी शेतावर डुक्कर मागे लागल्यावर पळताना पडून मोडलेला, तो पुढे कधी पुरता सरळ झालाच नाही. कायमचा कोपरात वाकलेला. म्हणजे हूक मारायला हात वाकवावा लागायचाच नाही, तो देवानं वाकवूनच ठेवला होता. पंचांनी एकमतानं फ्रेझरला विजयी केलं.

घड्याळात ६ वाजून ९ मिनिटं. कल्याण कधीच मागे पडलं होतं, खिडकीबाहेर बदलापूरकडचा अंधार उतरायला लागला होता. पँट्रीचा माणूस टोस्ट-ऑम्लेट घेऊन आला.

मधल्यानं ऑम्लेटचा तुकडा मोडत विचारलं, "पण एक ठोसा म्हणजे नेमका किती, काका?"

हा प्रश्न माझ्या आवडीचा. १९८५ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात याचं उत्तर छापून आलंय. संशोधकांनी फ्रँक ब्रुनो या ब्रिटिश हेवीवेटला एका टांगलेल्या वजनावर ठोसा मारायला लावला. मूठ निघाली, अर्ध्या मीटरहून जरा कमी अंतर एक दशांश सेकंदात कापलं, आणि आदळताना तिचा वेग होता सेकंदाला ८.९ मीटर. ताशी ३२ किलोमीटर. लक्ष्मी रोडवर कुठल्याच वाहनाला हा वेग गाठता येत नाही! आदळल्यावर १४ मिलिसेकंदांच्या आत बळ चढलं ४,०९६ न्यूटनपर्यंत. न्यूटन आपल्याला कळत नाहीत, पोती कळतात. ५० किलोची सिमेंटची आठ पोती. माणसाच्या डोक्याला हिशोब लावला तर ६,३२० न्यूटनपर्यंत, म्हणजे जवळजवळ तेरा पोती. संशोधकांनी स्वतःच उपमा दिलीय: सहा किलोची लाकडी मोगरी, गादीत गुंडाळलेली, ताशी ३२ किलोमीटरनं डोक्यात घालायची.

१४ मिलिसेकंद! पापणी लवते तेवढ्यात असे सात ठोसे बसून जातील. आणि डोक्याला बसणारा हिसका ५३ जी, म्हणजे गुरुत्वाच्या ५३ पट. एसटीचा ड्रायव्हर म्हैस आडवी आली म्हणून करकचून ब्रेक मारतो, तेव्हा आपलं कपाळ पुढच्या दांड्यावर आपटतं. त्या ब्रेकच्या साधारण शंभरपट!

आता सहा किलोची मोगरी त्या वेगानं म्हणजे ऊर्जा किती? २३८ ज्यूल. विहिरीवर या. तीस-पस्तीस फूट खोल विहिरीतून पंधरा लिटरची बादली शेंदायची तर लागतात १,४७० ज्यूल. सहा ठोशांत एक बादली. मग चारशे ठोसे म्हणजे साधारण ६५ बादल्या, गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी जवळजवळ भरते. पोरं खूश झाली. पण थांबा. त्याच चारशे ठोशांची ऊर्जा अन्नात मोजली तर? २३ कॅलरी. पाव पोळी! एवढा आटापिटा, एवढी रक्तबंबाळ दुनिया, आणि हिशोब पाव पोळीचा? मी स्वतः पहिल्यांदा हे गणित केलं तेव्हा तीनदा तपासलं. बरोबर आहे. सगळी गंमत वेळेत आहे. पाव पोळी दिवसभर चालायला वापरली तर कुणाला पत्ता लागत नाही. तीच १४-१४ मिलिसेकंदांच्या तुकड्यांत वाजवली तर दर तुकड्याला १७ किलोवॅट. २२-२३ अश्वशक्ती. साडेसात एचपीचे शेतातले तीन पंप एकदम चालू करायचे आणि तिघांचे पाइप एका जबड्यावर धरायचे!

आणि त्या जबड्याच्या वर काय आहे? मेंदू. दीड किलोच्या आतबाहेर. अर्धा डझन हापूस. आणि कसा? खरवस माहीत आहे ना, पहिल्या चिकाचा? साधारण तसा मऊ. स्टीलच्या डब्यात पाणी घालून त्यात खरवसाचा गोळा सोडा, झाकण लावा आणि डबा एसटीच्या शंभरपट ब्रेकनं हिसडा. डब्याला पोचा येणार नाही. आत बघू नका. त्या खरवसात ८,६०० कोटी चेतापेशी. सेकंदाला एक या वेगानं मोजायच्या, जेवायला उठायचं नाही, तरी २,७०० वर्षं. बुद्धाच्याही आधी मोजायला बसलेला माणूस आत्ता कुठे शेवटच्या पेशींपाशी आला असता.

मध्यंतरीची दुसरी लढत चालूच होती. तिच्यात फार थांबण्यासारखं नाही. २८ जानेवारी १९७४, तेच सभागृह, १२ फेऱ्या, अली जिंकला. लढतीपेक्षा तिच्या आधीची मारामारी लक्षात राहण्यासारखी: टीव्हीच्या स्टुडिओत जुनी लढत बघता बघता दोघं शब्दाला शब्द वाढवत गेले, खुर्च्यांतून उठले आणि जमिनीवर लोळले. प्रत्येकी पाच हजार डॉलर दंड. आधीच्या लढतीच्या भावानं हिशोब केला तर साडेपाच सेकंदांची कमाई!

कर्जतला मागून ढकलणारी इंजिनं लागली आणि गाडी घाटाला भिडली. ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, हा तो चढ. ६ वाजून ५६ मिनिटं. दुसरी लढत घाटातच संपली. एक-एक बरोबरी.

"बघा," खिडकीतला म्हणाला, "म्हणून तिसरी हवीच होती."

हे मात्र मला मान्य. आपल्याकडे कुस्तीच्या फडात बरोबरीत सुटलेली जोड घेऊन माणसं घरी जातात का? निकाली लावा म्हणून आरोळ्या ठोकतात, गावात पुढच्या जत्रेपर्यंत तेच बोलणं. एक-एक हा मोठा छळवादी आकडा आहे. दोन-शून्यला झोप लागते. एक-एकला लागत नाही. उसिक-फ्युरीच्या तिसऱ्या लढतीवर माझा आक्षेप एवढाच, की तिथे दोन-शून्य आहे. तिथे झोप लागायला हरकत नाही.

१ ऑक्टोबर १९७५. फिलिपिन्स, मनिलाजवळचं केझॉन सिटी, अरानेटा कोलिझियम. देशात फर्डिनांड मार्कोस यांचा लष्करी कायदा. लढत सकाळी, पावणेअकराच्या सुमारास. का? अमेरिकेत रात्र असायला हवी म्हणून. पृथ्वीच्या पलीकडच्या प्रेक्षकांच्या रात्रीसाठी दोन माणसांनी उष्ण कटिबंधातल्या भर सकाळी पत्र्याच्या घुमटाखाली उभं राहायचं. वर टीव्हीचे दिवे, खाली खच्चून भरलेली हजारो माणसं, हवा हलत नाही. पारा चाळीसच्या वर गेला होता असं तिथे असलेले सांगत. मे महिन्यातलं चंद्रपूर घ्या, त्याला झाकण लावा, आणि आत दोन माणसांना एकमेकांना मारायला सांगा. अलीचं वजन १०२ किलो, फ्रेझरचं ९७-९८. दोघांचं मिळून दोनशे किलो!

आणि चित्र कसं गेलं? उपग्रहातून. असा उपग्रह विषुववृत्तावर ३५,८०० किलोमीटर उंच. वर जाऊन खाली यायचं म्हणजे एका हेलपाट्याला ७१,६०० किलोमीटर. मुंबई-पुणे ३७३ वेळा. डेक्कन क्वीननं हे अंतर न थांबता कापायचं म्हटलं तर पन्नास दिवस. फ्रेझरचा ठोसा ते पाव सेकंदात कापत होता. बसला मनिलात, आणि दुखला जगभर!

त्या लढतीचा पैसाही वाढला होता. हमीची रक्कम म्हणून अलीला ४५ लाख डॉलर आणि फ्रेझरला २० लाख असे आकडे सांगितले जातात. पण मला इथे रुपये मोजावेसे वाटत नाहीत. त्या सकाळी दुसरंच काही मोजायला होतं.

मारामारीत खरे किती ठोसे बसले यावर भांडत बसायला नको. आपण कंजूषपणे धरू. मिनिटाला पाच. बारा सेकंदांनी एक. १२३ मिनिटं गुणिले पाच, ६१५ ठोसे प्रत्येकाच्या अंगावर. आणि सगळे ब्रुनोच्या ताकदीचे नसतात, म्हणून निम्म्याच जोराचे धरू. आठ पोत्यांच्या जागी चार. चार पोती म्हणजे २०० किलो. ६१५ गुणिले २०० किलो.

एक लाख तेवीस हजार किलो.

१२३ टन! मास्तर सांगतील की बळांची अशी बेरीज करायची नसते, आणि ते खरं बोलतील. पण मला एकदा करू द्या, कारण पुढे जे येतं ते बघून मीच खुर्चीतून उठलो होतो. डब्ल्यूएपी-७ हे आपल्या मेल-एक्सप्रेस ओढणारं विजेचं इंजिन. त्याचं वजन किती? १२३ टन. किलोला किलो! १२३ मिनिटं, १२३ टन, आणि एक अख्खं इंजिन. अलीनं फ्रेझरवर आणि फ्रेझरनं अलीवर चार वर्षं सात महिन्यांत एकेक रेल्वे इंजिन उतरवलं. हातांनी. किलो-किलोनं. पुन्हा सांगतो, कंजूष हिशोबानं.

मधल्यानं ऑम्लेटची रिकामी प्लेट खाली ठेवली. काही बोलला नाही.

आणि मनिलात तर ते इंजिन घाटाला लागलं होतं. पहिल्या फेऱ्या अलीच्या. मधल्या फ्रेझरच्या, बरगड्यांवर डावा, बरगड्यांवर डावा, भात कांडावा तसा. मग बाराव्या फेरीपासून अली कुठून तरी परत आला. फ्रेझरच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, त्या डोळ्यानं त्याला आधीपासूनच नीट दिसत नव्हतं. ही गोष्ट त्यानं वर्षानुवर्षं लपवलेली. आता उजवा डोळा सुजून मिटत चालला. तेराव्या फेरीत अलीच्या ठोशानं फ्रेझरच्या तोंडातला माउथगार्ड उडून बाहेर. चौदाव्यात त्याला ठोसे येताना दिसतच नव्हते. ताशी ३२ किलोमीटरनं येणाऱ्या मोगऱ्या, आणि बघायला डोळा नाही.

चौदावी फेरी संपली. ७ वाजून ५१ मिनिटं. लोणावळा मागे पडलं होतं, गाडी उताराला मोकळी सुटली होती.

आता कोपऱ्यात काय झालं बघा. उरली होती एकच फेरी. बेचाळिसावी. तीन मिनिटं. १८० सेकंद. कल्याणहून डोंबिवलीलाही लोकल तेवढ्या वेळात जात नाही. तिन्ही पंचांच्या कार्डांवर अली पुढे होता. म्हणजे फ्रेझरला जिंकायचं तर त्याच १८० सेकंदांत अलीला झोपवायला हवं, आणि तेही न दिसता. पलीकडच्या कोपऱ्यात अलीनंही आपल्या माणसांना हातमोजे कापून काढायला सांगितलं होतं, असं म्हणतात. म्हणजे त्या घटकेला रिंगणाच्या दोन्ही कोपऱ्यांत दोन रिकामी माणसं बसली होती. बेचाळिसाव्या फेरीला कुठलंच इंजिन उरलं नव्हतं.

फ्रेझरच्या कोपऱ्यात एडी फच. वय ६४. ट्रेनर. आयुष्य रिंगणाच्या कडेला गेलेलं. रिंगणात मार खाऊन मेलेली माणसं त्यानं डोळ्यांनी पाहिलेली. आता इकडे सगळे आकडे एका रांगेत उभे करा. सव्वादोन टन सोनं. सतरा हजार वर्षांची खडी. सहा महाराष्ट्रांएवढी माणसं. तीनशे त्र्याहत्तर मुंबई-पुणे. १२३ टनी इंजिन. आठ हजार सहाशे कोटी पेशी. हे सगळं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एक म्हातारा, त्याच्या हातात ओला स्पंज, समोर स्टुलावर त्याचा मुलगा शोभेल असा माणूस, ज्याला त्याचा चेहरा दिसत नाही. फ्रेझर नको नको म्हणत होता, त्याला उठायचं होतं. फचनं त्याला खाली बसवलं. म्हणाला, संपलं बाळा, आज तू इथे जे केलंस ते कुणी विसरणार नाही. आणि पंचांना खूण केली.

पलीकडे अली उठला, विजयाचा हात वर केला आणि रिंगणातच खाली कोसळला. नंतर तो म्हणाला, मरणाच्या एवढ्या जवळ मी कधी गेलो नव्हतो.

"मग?" खिडकीतल्यानं विचारलं. "तिसरी व्हायला हवी होती की नको?"

मी म्हटलं, "पुढचे आकडे ऐक. फ्रेझर त्यानंतर फक्त दोनदा लढला. अली दहा वेळा. त्या दहा लढतींच्या फेऱ्या मोजल्यास तर १२०. म्हणजे फ्रेझरबरोबरच्या तिन्ही लढती जवळजवळ तीन वेळा पुन्हा. १९८१ ला थांबला. १९८४ ला पार्किन्सनचं निदान झालं. त्याला १२० फेऱ्यांमध्ये एकही फच भेटला नाही असं नाही, पण भेटला तो खूप उशिरा. आणि २००१ मध्ये दोघांच्या मुली, लैला अली आणि जॅकी फ्रेझर, एकमेकींशी लढल्या. आठ फेऱ्या, दोन-दोन मिनिटांच्या. सोळा मिनिटं. लैला जिंकली. घरात चौथी झालीच."

"म्हणजे नको?"

"एक-एकला हवीच होती रे. मी तेव्हा तिथे असतो तर पैसे भरून बघितली असती. तू पण."

तो हसला. मधला म्हणाला, "आणि बेचाळिसावी?"

मी घड्याळ बघितलं. ७ वाजून ५५ मिनिटं. ती फेरी झाली असती तर नुकतीच संपली असती. बाहेर तळेगावचे दिवे मागे गेले. पुणं अजून अर्धा तास होतं, आणि डब्यात पँट्रीवाला रिकाम्या प्लेटा मोजत पुढे निघाला होता.